पार्श्वभूमी : आइस हॉकीतले करार आणि निष्ठेचा हिशेब

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत एखादा कर्णधार संघ सोडून गेला की ‘पूर्वी खेळाडू असे नव्हते’ हे ऐकू येतंच. पूर्वी मुळात जाताच येत नव्हतं. करारातल्या राखीव कलमामुळे मुदत संपली तरी हक्क संघाकडेच राही. १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना बांधू पाहणाऱ्या डेट्रॉइटच्या खेळाडूची रवानगी शिकागोला झाली. त्याच डेट्रॉइटमध्ये दोन दशकं घालवलेल्या दिग्गजाला १९६८ च्या सुमारास कळलं, की पगारात आपण स्वतःच्या संघातही तिसरे आहोत. १९७२ मध्ये एनएचएल या मुख्य लीगला प्रतिस्पर्धी लीग निघाली आणि पगार वाढले. १९८८ मध्ये एडमंटनने आपला हिरा, वेन ग्रेट्झकी, लॉस एंजेलिसला दिला, सोबत दीड कोटी डॉलर रोख घेतले. तेव्हा संघाच्या निष्ठेबद्दल कोण विचारणार?

खरा बदल संघमालकांनी केलेल्या टाळेबंदीत २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाल्यावर झाला. संघाच्या एकूण पगारावर ३.९ कोटी डॉलरची मर्यादा आली; बदल्यात खेळाडूला कोणत्याही संघाशी करार करायला मोकळं होण्याचं वय ३१ वरून टप्प्याटप्प्याने २७ वर आलं. खेळाडू लवकर मोकळा झाला खरा, पण त्याने मागितलेला जादा डॉलर आता मालकाच्या खिशातून न जाता शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या वाट्यातून जाऊ लागला. ‘संघासाठी थोडं कमी घे’ या आग्रहाला धार आली ती इथे. २०१३ पासून स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त आठ वर्षांचा करार आणि बाहेरच्याला सातच, असा नियम झाला. जुन्या संघात राहण्याचं नियमात लिहिलेलं बक्षीस ते एवढंच.

कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोसला जाऊ देण्याचा टँपा संघाचा २०२४ चा निर्णय म्हणूनच अजून पचलेला नाही. नवोदित खेळाडूंच्या २००८ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू, २०१४ पासून कर्णधार, दोन विजेतेपदं. २०१६ मध्ये मोकळा व्हायला दोन दिवस असताना त्याने आठ वर्षांसाठी ६.८ कोटी डॉलरवर सही केली होती. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र नव्या कराराची बोलणीच होत नाहीत, अशी नाराजी त्याने उघड बोलून दाखवली. त्या हंगामात चाळीस गोल केले, तरी व्यवस्थापन हललं नाही.

मर्यादेत जागाच नव्हती म्हणावं, तर जून संपता संपता वर्षाला ८५ लाख घेणारा बचावपटू युटाला देऊन ती मोकळी केलेली होती. ती गेली २९ वर्षांच्या नव्या आघाडीपटूला : सात वर्षं, वर्षाला ९० लाख. ३४ वर्षांचा कर्णधार त्याच दिवशी नॅशव्हिलला गेला : चार वर्षं, वर्षाला ८० लाख. नव्या खेळाडूने पुढच्या हंगामात ४१ गोल केले, जुन्याने २७. हिशेब चुकला नाही, हे मान्य. पण वर्षभर आधी समोर बसवून बोलायला काय खर्च येणार होता?

त्यानंतर मर्यादा झपाट्याने वर चढली : २०२५-२६ साठी ९.५५ कोटी, पुढच्या हंगामासाठी १०.४ कोटी. मिनेसोटाच्या आघाडीपटूने वर्षाला १.७ कोटीचा करार केला. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एडमंटनच्या कर्णधाराने वर्षाला फक्त १.२५ कोटी घेतले. चाहत्यांनी ते त्याग म्हणून डोक्यावर घेतलं. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे. २०२८ च्या उन्हाळ्यात तो पुन्हा मोकळा असेल.