सदाशिव पेठेचा पिनकोड

पोस्टातली रांग हलेना, तेव्हा पाकिटावर नुकताच लिहिलेला आपलाच पिनकोड मी पावतीच्या मागे फोडायला घेतला. ४११०३०, सदाशिव पेठ. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ ला आले. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी! पहिले तीन अंक पत्र पुण्याकडे वळवतात, उरलेले तीन पोस्ट ऑफिस सांगतात. पोस्टाचं काम तिथे संपतं.

शेवटी शून्य, म्हणजे दहाने भाग जातो. अंकांची बेरीज ४+१+१+०+३+० = ९, म्हणजे नवानेही. (१०, १००, १००० कशालाही नवाने भागा, बाकी १ च, म्हणून नुसत्या अंकांच्या बेरजेवर निभावतं.) नव्वदाने भागलं आणि उरले ४५६७. चार, पाच, सहा, सात, ओळीने! भागाकार पुन्हा केला. तेच.

आता ४५६७ फुटतो का? २, ३, ५ बघताक्षणी बाद. ७ ने भागून बाकी ३, ११ ने २, १३ ने ४. कुठवर जायचं? ६७ पर्यंत. ६८ चा वर्ग ४६२४, म्हणजे संख्या फुटणार असेल तर जोडीतला धाकटा अवयव त्याआधीच सापडायला हवा. एकोणीस मूळ संख्या तपासल्या, एकीनेही भाग गेला नाही. ४५६७ स्वतःच मूळ संख्या आहे.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशाच खेळात आयुष्यभर रमले. अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, हर्ष देणारी. आमची पेठ हर्षद: ४११०३० ÷ ९ = ४५६७०. खडकीही आहे, ४११००३. पण कापरेकर ज्या फर्ग्युसनमध्ये शिकले त्याचा पिन ४११००४. बेरीज १०, शेवटी शून्य नाही. हुकलं! सदाशिव पेठेत हे सांगितलं तर कुणाला नवल वाटणार नाही.

त्यांचा प्रसिद्ध खेळही करून पाहिला: अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, उत्तरावर पुन्हा तेच. चार अंकी संख्या (चारही अंक सारखे नसले तर) ६१७४ वर येऊन थांबते. सहा अंकांत मात्र थांबे दोन आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, शिवाय एक सात संख्यांचं रिंगण. आमचा पिन कुठे जातो?

४३११०० − ००११३४ = ४२९९६६. पुढे ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. म्हणजे रिंगणात अडकला. पेठेतल्या एकेरी रस्त्यांवर गाडी घालणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. तोवर खिडकीतून “पुढे या” अशी हाक आली, आणि पावतीची मागची बाजूही भरली होती.