फरशी रंगवली म्हणजे ज्ञानरचनावाद झाला का?

झेडपीच्या शाळेत पाहुणे आले की आधी फरशी बघतात. मुळाक्षरं, संख्यारेषा, रंगीत चौकटी दिसल्या की म्हणतात वा, ज्ञानरचनावादी वर्ग! अहो, तो पेंट आहे. ज्ञानरचनावाद म्हणजे पोरानं आपल्या अनुभवावरून ज्ञान स्वतःच रचणं. २०१५ ला राज्य सरकारच्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमाचा जीआर निघाला, ज्ञानरचनावादासाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) शाळा बघायला लांबलांबून शिक्षक गेले, आणि बरेच जण येताना नुसते फरशीचे फोटो घेऊन आले असं माझं तरी मत आहे.

गोंधळ होतो कृतियुक्त शिक्षण आणि ज्ञानरचनावाद यांच्यात. दोन्हीकडे पोरं खाली बसून काहीतरी हाताळत असतात, लांबून सेमच दिसतं.

वजाबाकी घ्या, ४२ वजा १७. कृतियुक्त वर्गात मी सांगणार, दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे घ्या, दोन सुट्या काड्या घ्या, आता एक गठ्ठा सोडा, आता बारातून सात काढा, सगळ्यांचं एकदम. हात पोरांचे, डोकं माझंच. वाईट नाही हां, नुसतं फळ्यावर करून दाखवण्यापेक्षा कितीतरी बरं.

ज्ञानरचनावादात मी तेवढ्याच काड्या देतो, म्हणतो यातल्या १७ मला दे, आणि गप्प बसतो (हेच सगळ्यात अवघड). बहुतेक पोरं गठ्ठा सोडतात. पण एकीने दोन अख्खे गठ्ठे माझ्या हातात ठेवले नि म्हणाली, सर, तीन परत द्या. माझ्या टाचणात (पाठाच्या तयारीच्या नोंदीत) हे कुठेच नव्हतं! किराणा दुकानात सुटे परत घ्यायची तिला सवय, त्यावरच तिने नवं गणित उभं केलं. मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ पियाजे हेच सांगत होता, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही हेच आहे.

ज्ञानरचनावादात लवचीकपणा असतो म्हणतात, तो येतो इथे. ती पोरगी दुसऱ्या दिवशी तीन अंकी संख्यांवर गेली, तिच्या शेजारचा अजून चार दिवस काड्यांवरच होता आणि मी त्याला ओढला नाही. लोकांना वाटतं लवचीक म्हणजे पोर्शनला सुट्टी, तसं नाही, वर्षाअखेर काय यायला हवं त्या अध्ययन निष्पत्ती ठरलेल्याच असतात, फक्त वाट आणि वेग ज्याचा त्याचा.

वर्ग ओळखायचाच असेल तर पोरगं चुकल्यावर सर काय बोलतात ते ऐका. 'असं नाही, असं कर' की 'कसं काढलंस, दाखव बरं'.

आमच्या फरशीवरची अक्षरं तर अर्धी उडालीयत, त्या चौकटींत मधल्या सुट्टीत पोरी लंगडी घालतात.