दिवस गेल्यावर लागलेली शुगर, शुगर असताना गेलेले दिवस

रिपोर्ट आला की घरात एकच बोललं जातं: ‘हिला शुगर निघाली.’ खरं तर या शब्दांत दोन वेगळी दुखणी असतात. एकीला दिलेला सल्ला दुसरीला लागू पडत नाही, कधी तर घातकही ठरतो.

पहिलं दुखणं गरोदरपणीच्या मधुमेहाचं. वारेतून (प्लॅसेंटातून) सुटणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास हा अडथळा जाणवण्याइतका वाढतो. त्यावर मात करण्याइतकं जादा इन्सुलिन स्वादुपिंडाला बनवता आलं नाही, की साखर चढते. ‘बर्फी खाल्लीस ना, म्हणून झालं’ असं तिला ऐकवणं चूक आहे आणि क्रूरही. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, वजनाने वाढतं आणि नाळ कापल्यावर त्याचीच साखर घसरते. म्हणून जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजणं आणि बाळाची साखर तपासणं दोन्ही प्रकारांत गरजेचं.

दुसरं दुखणं आधीपासूनच्या मधुमेहाचं, टाइप १ (शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) किंवा टाइप २ (इन्सुलिन पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही). बाळाचं हृदय, मेंदू, कणा यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांत होते आणि पाळी चुकल्याचं ध्यानात येईपर्यंत त्यातले काही आठवडे उलटलेले असतात. त्यामुळे इथे तयारी दिवस जाण्याआधी हवी. एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणायचं आणि फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करायचं. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायची. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या बाळाला चालत नाहीत, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या.

गल्लत होते ती निदानात. आपल्याकडे सरकारी पद्धतीत ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात घोळून ५ ते १० मिनिटांत प्यायला देतात, उपाशी असो वा जेवलेली. बरोबर दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणीचा मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. ही चाचणी पहिल्याच भेटीत करतात आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत परत. पण पहिल्या भेटीतच उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा जास्त असेल, तर तो बहुधा आधीचाच, लक्षात न आलेला मधुमेह असतो. तिला ‘बाळंतपण झालं की जाईल’ असं सांगून घरी पाठवू नये. उलट पुढच्या महिन्यांत एचबीए१सी एकटं पाहून निर्धास्त होऊ नये. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे आकडा कमी दिसतो. लोह कमी असेल तर जास्तही दिसू शकतो. भरवसा ग्लुकोमीटरवर (बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवायचा: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवल्यावर दोन तासांनी १२० च्या खाली. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचलं तर कमी दुखतं.

रोजचं जगणं दोघींचं वेगवेगळ्या तऱ्हेने अडतं. पहिलीला आहार आणि चालणं यांसाठी साधारण दोन आठवडे मिळतात. सगळ्यात अवघड न्याहारी, कारण सकाळी इन्सुलिनचा असर कमी होतो. भरून पोहे घेण्याऐवजी अर्धी बशी पोहे, सोबत मुगाची उसळ किंवा अंडं, बाकीचं दोन-तीन तासांनी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, उपास असला तरी तो टाळावा. साखरेच्या भीतीने उपाशी राहणंही चूक, त्याने शरीरात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्यं) वाढतात. एवढं करूनही आकडे बसले नाहीत तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन लागतं. तिचा पथ्यात कसूर झाला असा त्याचा अर्थ नाही. डोहाळजेवणात ताट पुढे करून ‘एवढंसं खा गं’ म्हणणाऱ्यांना घरच्यांनीच थोपवावं. नाही म्हणण्याचा भार तिच्यावर टाकू नये.

दुसरीची भीती निराळी, साखर एकदम उतरण्याची. पहिल्या तिमाहीत उलट्या होतात, त्यात इन्सुलिनची गरजही घटते आणि मध्यरात्री घाम, थरथर सुरू होते. साखर ७० च्या खाली गेली तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे नवऱ्याला आणि सासूबाईंना आधीच शिकवलेलं असावं. माहेरी बाळंतपणाला जाताना आईलाही. पुढे आठव्या महिन्यापर्यंत इन्सुलिन दुप्पट किंवा त्याहून जास्त लागू शकतं. ते वारेचं काम, तिचा हलगर्जीपणा नव्हे. शेवटच्या महिन्यांत गरज अचानक घटली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

वार पडल्यावर दोघींच्या वाटा फुटतात. पहिलीची औषधं बहुधा लगेच थांबतात, पण सहा आठवड्यांनी करायची उपाशीपोटीची ग्लुकोज चाचणी राहून जाते. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच ती उरकावी, म्हणजे वेगळा हेलपाटा नको. पुढे टाइप २ होण्याचा धोका जास्त असल्याने दर एक ते तीन वर्षांनी साखर पाहावी. दुसरीचं इन्सुलिन त्याच दिवशी झपाट्याने कमी करावं लागतं, आधीचा डोस चालू राहिला तर साखर कोसळते. पाजताना ती आणखी उतरू शकते, म्हणून रात्री पाजायच्या जागी साखरेचं पाणी आणि दोन बिस्किटं हाताशी ठेवावीत.