मिस्त्रीच्या नावाने घरच्यांनी ठेवलेली स्कॉलरशिप : फॉर्म कसा भरायचा, काय काय लागतं

कुणी आयुष्यभर सुतारकी केली, वायरिंग केलं, वेल्डिंग केलं आणि ते करता करता लोकांच्या अडीअडचणीला पण धावून गेला, असा माणूस गेला की घरचे कधीकधी त्याच्या नावाने स्कॉलरशिप सुरू करतात. ही सरकारी स्कॉलरशिपसारखी नसते. रक्कम बहुतेक वेळा लहान, घेणारे एक किंवा दोनच, आणि फॉर्म वाचणाऱ्यांत त्याची मुलगी, भाऊ किंवा सोबत काम केलेला कुणी असू शकतो, हे डोक्यात ठेवून फॉर्म भरला तर निम्मं काम झालं म्हणून समजा.

पात्रता प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून नियमांचं पान आधी नीट वाचायचं. साधारणपणे प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, फॅब्रिकेशन, बांधकाम असल्या ट्रेडला अॅडमिशन झालेलं किंवा होणार असलेलं लागतं, काही ठिकाणी ठराविक भागातलीच किंवा ठराविक शाळेतलीच मुलं चालतात. मार्कांची अट असली तरी बऱ्याचदा पास होण्याच्या आसपासच असते, त्यामुळे मार्क कमी म्हणून फॉर्मच न भरणं हा निव्वळ वेडेपणा आहे. आणखी एक, स्कॉलरशिप देणाऱ्या कुटुंबातल्या आणि निवड समितीवरच्या लोकांच्या मुलांना सहसा अर्ज करता येत नाही. लांबचं नातं असेल तरी आधीच विचारून घ्या, नंतर कळलं तर नाव बाद होतं.

कागदपत्रं म्हणजे मार्कशीट, अॅडमिशन लेटर नाहीतर बोनाफाईड, ओळखपत्र, आर्थिक गरजेची अट असेल तर उत्पन्नाचा दाखला, शिफारसपत्र आणि एक निबंध. फॉर्मवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच आहे ना ते बघा, स्पेलिंग वेगळं असलं की उगाच अर्ज अडकतो. सगळ्यात जास्त वेळ खातं ते शिफारसपत्र. ते नातेवाईकाकडून चालत नाही, आणि मास्तरांना आदल्या दिवशी फोन केला तर दोन कोरड्या ओळी मिळतात. 3-4 आठवडे आधी सांगा. ज्याच्या हाताखाली सुट्टीत काम केलं त्या कंत्राटदाराचं किंवा जिथे नेमाने मदतीला जाता तिथल्या कुणाचं पत्र मिळालं तर मला ते मोठ्या साहेबाच्या पत्रापेक्षा भारी वाटतं, कारण त्याने तुम्हाला राबताना बघितलेलं असतं.

आता निबंध. बरीच मुलं इथे त्या गेलेल्या माणसाचीच स्तुती करत बसतात, अहो घरच्यांना तो तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे! त्याचा परिचय वाचा जरूर, पण लिहा तुमचं. पहिल्यांदा केलेला जोड कसा गळला आणि तो परत खोलून कसा नीट केला, शेजारच्या आजींचा नळ पैसे न घेता का दुरुस्त केला, असलं काहीतरी खरं. ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ हे वाक्य खोडाच. शब्दमर्यादा 500 असेल तर 500 च्या आतच थांबायचं.

फॉर्म पाठवला की पोच आली का बघा आणि सगळ्याची एक कॉपी स्वतःकडे ठेवा. अर्जासाठी कुणी पैसे मागितले, किंवा निवड झाली म्हणून सांगून बँकेचा ओटीपी विचारला तर सरळ फोन ठेवून द्या.

निवड झाली तरी पैसे हातात येतीलच असं नाही, पुष्कळदा थेट कॉलेजच्या खात्यात फीपोटी जमा होतात. अवजारं, सेफ्टी शूज, परीक्षा फी त्यात बसते का हे विचारायला लाजू नका, ट्रेडच्या मुलांचा खरा खर्च तिथेच असतो, आणि चालत असेल तर पावत्या जपून ठेवा. दुसरी मदत चालू असेल तर ही रक्कम आल्यावर ती कमी होणार का, तेही कॉलेजच्या ऑफिसात आधीच विचारा. पुढच्या वर्षी परत मिळणार की एकदाच, हे नियमात लिहिलेलं असतं. परत मिळणारी असेल तर निकाल वेळेवर पाठवावा लागतो, आणि तो पाठवताना सोबत वर्षभरात काय शिकलात त्याच्या चार ओळी टाकल्या तर घरच्यांना बरं वाटतं.