ट्यूबमधले ऑइल कलर प्लास्टिकच्या हेलिकॉप्टरवर वाळत नाहीत?

मॉडेल करणाऱ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: चित्रकाराचे तैलरंग प्लास्टिकवर कधी वाळत नाहीत, चिकटच राहतात. अर्धंच खरं.

तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन शोषून घट्ट होतं, म्हणून वेळ लागतो. पण जाड थर आणि पातळ फिल्टर (खूप पातळ केलेल्या रंगाची हलकी झाक) यांत जमीन-अस्मानाचा फरक. बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगामध्ये मँगनीज असतं, तो लवकर सुकतो. टायटॅनियम पांढरा रेंगाळतो. रंग आधी तासभर पुठ्ठ्यावर काढून ठेवा. पुठ्ठा जास्तीचं तेल पितो, आणि रंग मॅटही होतो.

व्हिएतनाम युद्धातल्या ह्यूई या अमेरिकन हेलिकॉप्टरचं १/७२ मॉडेल (मूळच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं) घ्या. सगळं ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मळकट हिरवं; नुसतं रंगवलं तर खेळणंच दिसतं! पांढऱ्या-पिवळसर रंगाचे टिपके ठेवून व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करणाऱ्या द्रवात) बुडवून निथळवलेल्या ब्रशने खाली ओढले की उन्हाने विटलेला पत्रा दिसू लागतो. एक्झॉस्टमागे शेपटीवर काळा-तपकिरी धूर, रोटरच्या बुंध्याशी तेलाचे ओघळ. चुकलं तर पुसता येतं, हीच तर तैलरंगाची मजा.

प्लास्टिक वितळण्याची भीती मात्र अगदीच निराधार नाही. लॅकर थिनर पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लास्टिक, खातो. म्हणून खाली अॅक्रिलिकचा बेस आणि ग्लॉस वार्निशचा पूर्ण वाळलेला थर हवाच. तैलरंगाचा जाड थर ओला असताना वर अॅक्रिलिक मारलं, तर तडे जाऊ शकतात.