पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र बिघडल्यास : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पिक्चर ट्यूबचा टीव्ही आजही रोजच्या वापरात असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. दुरुस्तीसाठी येणारे पुष्कळ सेट मुळात बिघडलेलेच नसतात. दोष सेट-टॉप बॉक्समध्ये, वायरीत, सेटिंगमध्ये किंवा टीव्ही ठेवलेल्या जागेत असतो. एकवीस इंची जड सेट रिक्षात घालून दुकानापर्यंत आणायचा आणि तसाच परत न्यायचा, हा त्रास आणि हे भाडे ग्राहकाने विनाकारण सोसू नये, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

पुढे सांगितलेली प्रत्येक तपासणी सेटच्या बाहेरून करायची आहे. मागचे झाकण कोणत्याही कारणाने उघडू नये. रंगीत पिक्चर ट्यूबला २०,००० ते २५,००० व्होल्ट इतका दाब लागतो आणि प्लग काढल्यानंतरही तो ट्यूबमध्ये बराच वेळ साठून राहू शकतो. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही सुमारे ३०० व्होल्ट असतात. घरातील कोणी हौसेने स्क्रू ड्रायव्हर हातात घेत असेल, तर त्याला कृपया थांबवावे.

दोष सेटचा की बाहेरचा, हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे टीव्हीची स्वतःची अक्षरे. टीव्हीच्या रिमोटने किंवा सेटच्या पुढच्या बटणांनी आवाज कमी-जास्त करावा आणि पडद्यावर उमटणारी आवाजाची पट्टी किंवा मेनू नीट पाहावा. ही अक्षरे सेटच्या आत तयार होतात, बाहेरच्या वायरीशी त्यांचा संबंध नसतो. त्यामुळे चित्र खराब असूनही ती रेखीव, स्थिर आणि स्वच्छ रंगात दिसत असतील, तर दोष बहुधा बाहेर आहे. तीच पुसट, थरथरती किंवा एका बाजूला ओढलेली दिसत असतील, तर सेट आम्हाला दाखवावा. मात्र सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटने येणारी पट्टी बॉक्सची असते, टीव्हीची नव्हे. या एका गफलतीमुळे अनेकांचा निष्कर्ष चुकतो.

चित्र चौकोनी तुकड्यांत फुटते, मधेच अडकते किंवा आवाज तुटतो, ही तक्रार फार येते. हा दोष टीव्हीचा नसतो. डिशची दिशा हलणे, केबलच्या जोडात पाणी शिरणे किंवा पावसाच्या दाट ढगांमुळे सिग्नल कमी होणे, ही त्याची नेहमीची कारणे असून त्यासाठी डिश किंवा केबलवाल्यालाच बोलवावे. मुंग्या येणे हा वेगळा प्रकार आहे. बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये अँटेनाची जाड वायर जोडलेली असेल, तर ती काढून पिवळ्या, पांढऱ्या आणि लाल पिनांची एव्ही वायर लावावी व टीव्ही एव्हीवर घ्यावा. मुंग्या आणि चित्रामागची फिकट सावली बहुतेक वेळा तेवढ्यानेच जाते. पिवळी पिन सैल असेल तर चित्र थरथरते किंवा नाहीसे होते, म्हणून ती थोडी फिरवून घट्ट बसवावी. ज्यांच्या छपरावर अजून जुना अँटेना आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे की दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुन्या पद्धतीची बहुतेक प्रक्षेपणे आता बंद झाली आहेत. तेथे नुसत्या मुंग्या दिसणे हा सेटचा दोष नाही.

माणसे उंच आणि बारीक दिसत असतील, तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये पडद्याचा आकार १६:९ ऐवजी ४:३ निवडावा. बातम्यांच्या पट्टीतील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून फोकस करून द्या, असे काही ग्राहक सांगतात. आपल्याकडील टीव्ही-चित्राच्या ‘पाल’ नावाच्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि त्यांपैकी ५७६ रेषांतच प्रत्यक्ष चित्र येते. हल्लीची अक्षरे १,०८० रेषांच्या पडद्यासाठी आखलेली असतात. टीव्हीचा स्वतःचा मेनू रेखीव दिसत असेल, तर फोकस ठीक आहे आणि त्यावर पैसे खर्च करण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत वाढवून ठेवण्याची सवय पुष्कळ घरांत आढळते. त्याने पांढरा भाग पसरतो, चेहरे सपाट दिसतात आणि ट्यूब लवकर थकते. रात्रीच्या नेहमीच्या उजेडात कलर शून्यावर आणावा आणि एखाद्या माणसाचे काळे केस पडद्यावर असताना, काळा रंग काळाच राहून केसांच्या बटा जेमतेम वेगळ्या दिसतील इतकाच ब्राइटनेस ठेवावा. मग पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या पुसल्या जाणार नाहीत इतका कॉन्ट्रास्ट घ्यावा आणि सर्वांत शेवटी चेहऱ्याकडे पाहून कलर वाढवावा. शार्पनेस निम्म्याच्या खालीच बरा.

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा, जांभळा किंवा लालसर डाग दिसणे हा प्रकार सविस्तर सांगण्याजोगा आहे, कारण त्याचा उपाय बहुतेकदा ग्राहकाच्याच हातात असतो. काचेच्या आत बारीक छिद्रांची पोलादी जाळी असते आणि तिच्यामुळे ट्यूबच्या मागून येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन किरण पडद्यावरील आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर पडतो. जवळ ठेवलेल्या स्पीकरमुळे, स्टॅबिलायझरमुळे किंवा इन्व्हर्टरमुळे ही जाळी चुंबकित झाली की किरण शेजारच्या ठिपक्यावर सरकतात. ही चुंबकता घालवणारी तारेची वेटोळी कंपनीने सेटमध्येच बसवलेली असते. सेट थंड असताना मुख्य बटण दाबले की क्षणभर जो ‘भुंग’ असा आवाज येतो आणि चित्र थरथरते, ते तिचेच काम. मात्र बऱ्याच सेटमध्ये हे काम मुख्य बटण दाबल्यावरच होते आणि त्यासाठी आतील एक पुर्जा आधी थंड झालेला असावा लागतो. जे ग्राहक टीव्ही महिनोन्‌महिने फक्त रिमोटने बंद करतात, त्यांच्या घरी ते कधी होतच नाही आणि डाग साचत जातात. म्हणून प्रथम स्पीकर, स्टॅबिलायझर वगैरे दोन-अडीच फूट दूर न्यावेत, मुख्य बटणाने सेट बंद करून अर्धा तास थांबावे आणि मग बटणानेच चालू करावा. असे तीन-चार वेळा करूनही डाग राहिला, तर आम्ही घरी येऊन बाहेरच्या वेटोळीने तो काढून देतो. पडद्यापाशी घरातला लोहचुंबक फिरवून प्रयोग करू नये. त्याने डाग वाढतो. सेट पडून आतील जाळी सरकली असेल, तर तो डाग कोणत्याही उपायाने जात नाही, हेही स्पष्ट सांगितलेले बरे.

आमचे बहुतेक ग्राहक किनारपट्टीवरचे असल्याने पावसाळ्यातील एका तक्रारीचा वेगळा उल्लेख आवश्यक वाटतो. टीव्ही लावल्यावर चित्र धुरकट येते, मागून बारीक चिरचिर ऐकू येते, आणि काही मिनिटांनी एकदम ‘टक्‌’ होऊन चित्र स्वच्छ होते. पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसणाऱ्या सॉकेटमध्ये दमट, खारट हवेमुळे गंज चढतो, तेथून फोकसचा दाब गळतो आणि सेट तापून ओल सुकली की तो पूर्ववत होतो. ट्यूब गेली असे समजून घाबरण्याचे कारण नाही. सॉकेट बदलले की काम होते. दुर्लक्ष केल्यास मात्र गळती वाढते आणि इतर भागांनाही धोका पोहोचतो. असा सेट खिडकीपासून व ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा आणि चालू असताना त्यावर विणलेला रुमाल किंवा आच्छादन घालू नये, कारण मागच्या जाळीतून हवा खेळली तरच ओल निघून जाते. काच पुसताना सेट बंद करून कोरडे सुती फडके वापरावे. काचेवर पाणी फवारल्यास ते ओघळून खालच्या सर्किटपर्यंत पोहोचते.

काही लक्षणे दिसताच मात्र वाट न पाहता मुख्य बटण बंद करून प्लग काढावा. पडद्याच्या मधोमध फक्त एक आडवी पांढरी रेघ उरली, तर सेट चालू ठेवल्याने त्या जागी कायमचा जळका पट्टा पडतो. सगळा पडदा एकाच रंगाने झगझगीत होऊन त्यावर तिरप्या बारीक रेषा आल्या, मागून निळसर ठिणगी दिसली, सतत चटचट ऐकू आली किंवा जळका वास आला, तरी हेच करावे. ‘थोड्या वेळाने आपोआप बरा होईल’ म्हणून सेट पुन्हापुन्हा लावून पाहिल्याने लहान खर्चाची दुरुस्ती मोठी होते. एक रुंद काळसर पट्टा चित्रावरून हळूहळू वर सरकत असेल, तर घाई नाही. आधी बॉक्सला आलेली केबल क्षणभर काढून पाहावी. पट्टा गेला तर दोष केबलच्या अर्थिंगचा आहे, राहिला तर सेटच्या पॉवर सप्लायचा असू शकतो.

चित्र उमटायला पाच-दहा मिनिटे लागतात, सगळे मंद दिसते आणि ब्राइटनेस वाढवला की पांढरा भाग चांदीसारखा चकाकून पसरतो, ही लक्षणे ट्यूब थकल्याची आहेत. ट्यूबच्या आतील तापणाऱ्या तारेचा, म्हणजे फिलामेंटचा, दाब वाढवून अशी ट्यूब काही काळ चालवता येते, परंतु तो उपाय टिकत नाही, त्यामुळे ग्राहकाने स्वतः मागितल्याशिवाय आम्ही तो सुचवत नाही. ट्यूब बदलायची म्हटली तरी आमच्या हाती येते ती जुन्या सेटमधून काढलेली असते. तिची हमी आम्ही देऊ शकत नाही आणि तसे लिहून देतो. सेट मोडीत काढायचा झाल्यास ट्यूब फोडू नये. तिच्या आत निर्वात पोकळी असल्याने काच जोराने उडते आणि त्या काचेत शिसेही असते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ती द्यावी.

आम्हाला फोन करण्यापूर्वी, शक्य असल्यास, दोष सेट लावताक्षणीच दिसतो की तापल्यावर, आणि सर्व वाहिन्यांवर दिसतो की एखाद्याच, एवढे पाहून ठेवावे. टीव्हीचा स्वतःचा मेनू पडद्यावर असताना मोबाइलने काढलेला फोटो पाठवल्यास, कोणता पुर्जा बरोबर आणायचा हे आम्हाला आधीच ठरवता येते आणि दुसरी फेरी टळते.