इंजिनिअर उदंड, मग टंचाई कशाची?

आयटी कंपन्यांना कुशल माणसं मिळत नाहीत, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी येतेच. आणि बीई झालेली मुलं पोलीस भरतीच्या रांगेत उभी, हीसुद्धा येते. दोन्ही खऱ्या आहेत.

तक्रार तशी जुनीच. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोने भरवलेल्या परिषदेत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द रुळला, तोच मुळी या चिंतेतून की यंत्रं झपाट्यानं मोठी होताहेत आणि त्यांच्यासाठी धड प्रोग्रॅम लिहिणारी माणसं पुरत नाहीत. त्याच वर्षी मुंबईत टीसीएस सुरू झाली. १९७३ साली अंधेरीला सीप्झ हे निर्यातीसाठीचं औद्योगिक क्षेत्र आलं, १९७८ मध्ये आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी देश सोडून गेली. १९८१ साली टाटांनी पुण्यात सॉफ्टवेअरची संशोधन संस्था काढली आणि त्याच वर्षी पुण्यातच इन्फोसिसचा जन्म झाला. ती दोन वर्षांत बंगळुरूला गेली, हे पुणेकर अजून हळहळून सांगतात. या काळातली माणसं मोजकीच. आयआयटी, जुनी सरकारी कॉलेजं किंवा गणित-भौतिकशास्त्राचे वर्ग यांतून आलेली, आणि यंत्रावर बसूनच शिकलेली.

चित्र पालटलं १९८३ साली. तोवर महाराष्ट्रातल्या मुलांना पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद, नागपूर अशी थोडीच दारं होती. ज्यांच्या वडिलांची ऐपत असे ती मुलं डोनेशन भरून कर्नाटकात जात. हा पैसा राज्यातच राहावा म्हणून मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी कॉलेजांना परवानगी दिली. पुण्यात पीआयसीटी, एमआयटी, व्हीआयटी, कोल्हापुरात केआयटी, इस्लामपूरजवळ आरआयटी, सगळी त्याच वर्षाची. वसंतदादांना याबद्दल शिव्याही भरपूर बसल्या. माझ्या मते निम्म्या चुकीच्या. खेड्यातल्या कित्येक घरांत पहिला इंजिनिअर याच निर्णयामुळं झाला. इमारती उभ्या राहिल्या, जागा भरल्या. शिकवणारे मात्र एका सहीनं तयार होत नाहीत.

मग नव्वदचं दशक आलं. १९९० च्या कायद्यानं अमेरिकेत परदेशी कुशल माणसांना कामासाठी एच-१बी व्हिसा सुरू झाला, १९९१ पासून इकडे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कांची योजना आली आणि पाठोपाठ वायटूके, म्हणजे सन २००० ची अडचण. जुन्या काळी छिद्रांच्या कार्डावर जेमतेम ऐंशी अक्षरं मावत, मेमरीही महाग. त्यामुळं वर्ष दोनच आकड्यांत लिहायची सवय पडली होती. २००० उजाडलं की ‘००’ म्हणजे १९०० धरलं जाण्याचा धोका होता. म्हणून कोबॉल या जुन्या संगणकभाषेतल्या लाखो ओळींमध्ये तारीख जिथं जिथं येते ती जागा शोधून दुरुस्त करायची. या कामाला प्रतिभेपेक्षा चिकाटी जास्त लागे. अमेरिकेनं व्हिसाची मर्यादा ६५ हजारांवरून आधी १ लाख १५ हजार आणि पुढं १ लाख ९५ हजार केली. कंपन्यांना माणसं हवी होती, कुठलीही. मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल, बीएस्सी गणित... ‘या, आम्ही शिकवतो.’

वायटूके संपलं, सवय राहिली. कंपनीच तीन-चार महिने ट्रेनिंग देणार म्हटल्यावर कॉलेजांना शिकवायची घाई उरली नाही. त्याहून मोठं नुकसान दुसरीकडे झालं. ज्याला खरंच शिकवता आलं असतं, त्याला कंपनी लेक्चररच्या दुप्पट-तिप्पट पगार देत होती. तो गेला. त्याच्या जागी आला तो गेल्या वर्षीचाच विद्यार्थी, कॅम्पस मुलाखतींत निवड न झालेला. पेरायला ठेवलेलं बी आपण दळून खाल्लं.

आमच्या लॅबचं सांगतो. प्रोग्रॅम लिहायला निळ्या पडद्याचं जुनं टर्बो सी, तीस मुलांत चालू स्थितीतली बारा यंत्रं. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. आदल्या वर्षीच्या पोरांचं मिळवायचं, आउटपुटसकट उतरवायचं, सबमिशनच्या दिवशी सही घ्यायची. चार वर्षांत शंभर ओळींपेक्षा मोठा प्रोग्रॅम स्वतः लिहिलेली मुलं वर्गात बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि मी त्यांतला नव्हतो. ही उणीव भरायला पुण्यात वेगळीच शाळा होती: सीडॅक. परम महासंगणक बनवणाऱ्या या संस्थेनं १९९३ मध्ये प्रशिक्षण शाखा काढली आणि बीईनंतर सहा महिने ‘सीडॅक करणं’ ही एक रीतच झाली.

२००५ साली मॅकिन्झी या सल्लागार कंपनीनं सांगितलं की बहुराष्ट्रीय कंपन्यांत घेण्याजोगे भारतीय इंजिनिअर चारात एक. गाजावाजा झाला, पण फ्रेशरचा वार्षिक पगार पुढची दहा-बारा वर्षं सव्वातीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. टंचाई असलेल्या मालाचा भाव असा थिजत नाही. भाव वाढला तो पाच-आठ वर्षं मुरलेल्यांचा. मार्च २०२२ मध्ये इन्फोसिसमधली गळती, म्हणजे वर्षभरात नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २७.७ टक्के होती, टीसीएसमधली १७.४, माणसं एकमेकांकडून पळवली जात होती. आणि मुरणार तरी कोण? पस्तिशीतही कोडच लिहिणाऱ्याला लग्नकार्यात हमखास विचारतात, ‘अजून मॅनेजर नाही झालास?’

२०२४ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, चांगल्या कॉलेजांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली. संगणक शाखेच्या तुकड्या वाढताहेत. अन् जूनमध्ये जाहिराती दिसतात: संगणक विभाग, सहायक प्राध्यापक, तासिका तत्त्वावर, मुलाखतीस स्वखर्चाने उपस्थित राहावे.